घरच्या शेडमध्ये गाडी बांधायला घेताना: कागदापासून चार चाकांवर उभ्या सांगाड्यापर्यंत

सांगली जिल्ह्यात घरी गाडी बांधण्याचा विषय निघाला की देवराष्ट्र्याचं नाव येतंच. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास झाल्याच्या बातम्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवणार, तेव्हा ती मला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आली.

बहुतेकांच्या लक्षात बोलेरो राहिली. गाडी बांधायला निघालेल्याने मधलं वाक्य लक्षात ठेवावं: नियमांत बसत नाही.

रस्त्यावर चालेल का?

नाही. हे आधीच सांगतो, कारण परदेशी व्हिडिओ बघून इथेच गल्लत होते. किट कारची, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या गाडीची, चाल मुख्यतः ब्रिटनमधली. १९५७ साली लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही हलकी दोन आसनी गाडी आणली. तिथे पूर्ण गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून लोक खोकी घरी आणून गाडी स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला, तो फायदा संपला, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पण सवय राहिली. आजही तिथे घरी बांधलेली एकच गाडी सरकारी तपासणीला नेता येते आणि पास झाली तर नंबर मिळतो.

आपल्याकडे हौशी माणसाच्या एका गाडीसाठी अशी सोपी वाट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना एआरएआय, सीआयआरटी यांसारख्या संस्थांकडून तपासून मंजूर करून घ्यावा लागतो. या दोन्ही संस्था पुण्यात, म्हणजे आपल्यापासून चार तासांवर आहेत. पण ती चाचणी कारखानदाराच्या खिशाच्या हिशोबाने आखलेली आहे. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ मनाई करतं. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती कुठलीही जागा. गावातली पाणंदसुद्धा त्यात आली.

मग कुणीतरी सल्ला देतो, “जुन्या जीपचं आरसी बुक घ्या आणि त्यावर नवीन गाडी चढवा.” या सल्ल्याच्या नादी लागू नका. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विंटेजची पळवाटही नाही, कारण २०२१ च्या त्या नियमांसाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. शिवाय नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. कुणाला धक्का लागला तर भरपाईला तुमची शेती उभी राहील.

तेव्हा ही गाडी स्वतःच्या शेतात, खासगी आवारात, किंवा परवानगी घेऊन एखाद्या बंदिस्त ट्रॅकवर चालवायची, एवढं मनाशी पक्कं करा. हे मान्य नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. मान्य असेल तर मात्र बरंच सोपं होतं: दिवे कुठल्या उंचीवर, बंपर कसा, या कटकटी जातात आणि सगळं लक्ष सांगाडा, ब्रेक आणि स्टेअरिंगवर देता येतं.

जागा, वीज आणि महिना

दहा बाय वीस फुटांची पत्र्याची शेड पुरते. गाडी साडेतीन मीटरच्या आतली असते, पण तिच्याभोवती ग्राइंडर घेऊन वाकता आलं पाहिजे. जमिनीला कोबा हवा. मुरमावर जॅक रुततो आणि स्टँड कलतो.

सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घरगुती कामाला चालतं. पण त्याच्यासाठी मीटरजवळून वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी घ्या. बेडरूमच्या प्लगमधून एक्स्टेंशन ओढून वेल्डिंग केलं की व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो आणि माणूस मशीनला शिव्या देतो.

मुहूर्त दसऱ्यानंतरचा. शिराळा, पाटण, साताऱ्याचा पश्चिम भाग अशा पावसाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. दुसरं कारण आपल्याकडचंच आहे. साखर कारखान्यांचं गाळप सुरू होण्याआधी ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येतात. त्या दिवसांत फॅब्रिकेटर आणि लेथवाले तुमच्या चार ब्रॅकेटसाठी मशीन थांबवणार नाहीत, आणि थांबवूही नये. खंडेनवमीला हत्यारं पुजा आणि मगच काम काढा.

डोनर गाडी: ओम्नी का?

इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा, आत गिअर असलेला धुरा), स्टेअरिंग, ब्रेक, पेडल, वायरिंग हे सगळं एकाच गाडीतून घ्यायचं. त्या गाडीला डोनर म्हणतात. भाग चार गाड्यांतून गोळा केले की स्प्लाइन (दांड्यांवरच्या खाचा) जुळत नाहीत, ब्रेकचे आटे जुळत नाहीत, आणि अर्धं वर्ष अ‍ॅडॉप्टर बनवण्यात जातं.

पहिल्यांदा मनात येते ती मारुती ८००. स्वस्त आहे, पार्ट कुठेही मिळतात. पण तिचं इंजिन आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं ओढणारी. सेव्हनसारखी, लांब बॉनेटची आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी हवी असेल तर ती उपयोगाची नाही. (ते सगळं जुडगं उचलून मागे, पाठीमागच्या बाजूला बसवता येतं, बग्गी बांधणारे तसंच करतात. तो वेगळा लेख.)

ओम्नीत तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन आहे, पण उभं, गाडीच्या लांबीत बसवलेलं. मागे गिअरबॉक्स, मग जॉईंटचा शाफ्ट, मग पाट्यांवरचं हाउसिंग. आपल्याला हवी ती मांडणी आयती मिळते. ताकद पस्तीस-छत्तीस अश्वशक्तीच्या आसपास. ऐकून नाक मुरडू नका. ओम्नीचं वजन पावणेआठशे किलोच्या घरात. तुमची गाडी त्याहून बरीच हलकी होईल, आणि पहिल्या गाडीला एवढी ताकद भरपूर आहे. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं असलं तरी पार्ट्सचा तुटवडा नाही.

कार्ब्युरेटरची जुनी ओम्नी की एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी? माझं मत कार्ब्युरेटर. एमपीएफआयला ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), सेन्सर, टाकीतला पंप, सगळी वायरिंग जशीच्या तशी लागते आणि एक कनेक्टर तुटला की गाडी मुकी होते. एमपीएफआय घ्यायचीच तर चावीने सुरू होणारी अख्खी गाडी घ्या, सुटं इंजिन नको.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी बघा.

पहिली, महापूर. सांगली, मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून फिरतात. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या असतात, पण सीटच्या पट्ट्यांच्या आतल्या गुंडाळीत, हेडलाइटच्या काचेमागे आणि वायरिंगच्या टेपखाली गाळाची बारीक पिवळट रेघ राहते. हाउसिंगचं तेल काढून बघा. दुधाळ असेल तर बेअरिंग गेलेले समजा.

दुसरी, गॅस. गॅसवर चालवलेल्या ओम्नी खूप. टाकी भरलेली असताना गाडी सुटी करू नका. अधिकृत गॅस किटवाल्याकडून ती रिकामी करून, उतरवून घ्या. घरगुती सिलिंडर जोडलेली गाडी असेल तर सौदाच नको.

तिसरी, कागद. आरसी मालकाच्या नावावर, कर्जाचा बोजा उतरलेला, चेसिस नंबर जुळणारा. गाडी कायमची मोडणार असाल तर कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून नोंदणी रद्द करावी लागते. मुदत चौदा दिवसांची. सांगलीची एमएच-१०, साताऱ्याची एमएच-११, कऱ्हाडची एमएच-५०. गाडी जिथली, तिथल्या कार्यालयात अर्ज द्या. चेसिस नंबरचा तुकडा भंगारवाल्याच्या हाती लागू देऊ नका. तो दुसऱ्या गाडीवर चढतो आणि पोलिस तुमच्या दारात येतात.

डोनर सुटी करणं

सुटी करण्याआधी ती चालवून बघा. गिअर पडतात का, क्लच सुटतो का, इंजिन तापतं का. बिघाड सगळे आता दिसतात. तुकडे झाल्यावर कशाचं दुखणं कुठलं ते कळत नाही.

बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर, सावलीत ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. तिच्याजवळ ग्राइंडर नाही, आणि तिला वेल्डिंग तर कधीच नाही. दाराजवळ सहा किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक टांगा.

वायरिंग कापू नका. प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून मार्करने नाव लिहा आणि अख्खं जाळं बाहेर काढा. नट-बोल्ट डब्यांत, डब्यावर जागेचं नाव. इंजिन खालून उतरवायचं, म्हणून गाडी उंच धरावी लागते. शेडच्या अँगलला चेनब्लॉक टांगू नका, तो अँगल पत्रा पेलण्यासाठी आहे. विहिरीतली मोटर काढायची तिवई गावात कुणाकडे तरी असतेच, ती आणा. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावूनच.

आधी वस्तू, मग माप

इंटरनेटवर सेव्हन धर्तीच्या सांगाड्याचे नकाशे भरपूर मिळतात. ते ‘लोकॉस्ट’, म्हणजे कमी खर्चात घरी बांधायच्या गाड्यांचे नकाशे, परदेशी डोनरच्या मापाने काढलेले आहेत. तो नकाशा छापून पाईप कापायला घेणं ही आपल्याकडच्या अर्धवट राहिलेल्या गाड्यांची मूळ व्याधी. ओम्नीचं हाउसिंग वेगळ्या रुंदीचं, गिअरबॉक्सचा फुगा वेगळा, आणि बसणारा माणूस तर अगदीच वेगळा.

म्हणून सगळे भाग कोब्यावर मांडा. मध्यरेषेसाठी गवंड्याची लाइनदोरी ताणा. हाउसिंग स्टँडवर, चाकं लावून, ज्या उंचीवर धावायचं त्या उंचीवर. इंजिन-गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर. शेतातल्या वाटेवर चालवायची आहे, तर ऑइल संपच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळापासून जमीन दीडशे मिलिमीटर तरी खाली हवी. मग सीट ठेवा आणि स्वतः बसा. हेल्मेट घालून, नेहमीचे बूट घालून. पेडल कुठे येतात, गुडघा स्टेअरिंगला लागतो का, उजवी कोपर कुठे जाते, हे बघा. घरातल्या सगळ्यात उंच माणसालाही बसवा.

ओम्नीत चालक पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या बुडाखाली असतं. तुमच्या गाडीत चालक इंजिनच्या मागे जाणार. त्यामुळे तीन गोष्टी बदलतात.

चाकांमधलं अंतर. ओम्नीचा व्हीलबेस १८४० मिमी. तुम्हाला २२०० ते २३०० लागेल. शाफ्टची लांबी इंजिन कुठे बसतं त्यावर ठरेल, म्हणून तो शेवटी करून घ्यायचा, आणि जॉईंटवाल्याकडून बॅलन्स करूनच. गिअरबॉक्समधून निघणारी रेषा आणि हाउसिंगच्या तोंडाची रेषा बाजूने बघितल्यावर एकमेकींना समांतर हव्यात. नसतील तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि जॉईंटमधले क्रॉस लवकर जातात.

स्टेअरिंग. ओम्नीचा खांब जवळजवळ उभा. तुम्हाला आडवा आणि लांब हवा. मूळ जॉईंट आणि स्प्लाइनचे तुकडे वापरून, टर्नरकडून मधला दांडा बनवून घ्या. खांब मधेच कापून घरी डागणं नको. रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) चाकाच्या आसापुढून मागे किंवा मागून पुढे नेलात, तर उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळेल. हसू नका, हे लक्षात यायच्या आत ब्रॅकेट पक्के झालेले असतात. आणि गिअरचं लिंकेज नव्या बैठकीत जसंच्या तसं बसणार नाही, तेही आत्ताच मांडून बघा.

पुढचं सस्पेन्शन हा सगळ्यात अवघड भाग. ओम्नीला मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे उंच उभा शॉकअप. सेव्हनचं बॉनेट बुटकं. त्यात तो मावत नाही. हबला जोडणारे वर-खाली दोन विशबोन (व्हीच्या आकाराचे हात) स्वतः बनवता येतात, पण त्यांची भूमिती चुकली तर खड्ड्यात चाक आपोआप वळतं. पहिल्या गाडीला मी स्ट्रट तसेच ठेवायला सांगेन. बॉनेट उंच होईल, गाडी सेव्हनपेक्षा जुन्या जीपसारखी दिसेल. दिसू द्या. विशबोनच करायचे असतील तर सांगलीच्या वालचंद कॉलेजसारख्या अभियांत्रिकी कॉलेजांतल्या पोरांना गाठा. बाहा एसएईइंडिया या गाडी बांधण्याच्या स्पर्धेसाठी २००७ पासून देशभरातले विद्यार्थी हीच गणितं करत आले आहेत. दोन चहांत त्यांच्याकडून जे कळेल ते महिनाभराच्या व्हिडिओंतून कळणार नाही.

हे सगळं मांडून झालं की मग कागदावर माप घ्या.

पाईप, टेबल आणि टाके

सांगाड्याला २५ × २५ मिमीचा चौकोनी पाईप, जाडी १.६ मिमी. मीटरला साधारण १.२ किलो भरतो. सहा मीटरच्या आठ लांब्या आणल्या तर तोडमोड धरून पुरतात. सांगाडा पन्नास किलोच्या आसपास होतो. आयएस ४९२३ या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. गेट-ग्रिलवाल्याकडचा पातळ पाईप स्वस्त मिळतो, पण तो वेल्डिंगला जळतो आणि नंतर तडकतो. जीआय पाईपही नको. जस्त जळून निघणाऱ्या धुराने ताप भरतो. दुकानात एकदा कॅलिपर लावून जाडी मोजा, दुकानदार रागावला तर रागावू दे.

टेबल सपाट नसेल तर सांगाडा वाकडा होणार, त्यावर उपाय नाही. सी-चॅनलच्या दोन लांब पट्ट्या, आडवे तुकडे, वर जलरोधक प्लाय. एमडीएफ दमट हवेत फुगतं. लेव्हल काढायला गवंड्याची पाण्याची नळी स्पिरिट लेव्हलपेक्षा लांब अंतरावर जास्त खरी. प्लायवर मध्यरेषा मारा, तळाचा सांगाडा पूर्ण मापात आखा आणि पाईप त्या रेघांवर ठोकळ्यांनी अडकवा.

आधी फक्त टाके, म्हणजे तात्पुरते धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके. तळ, उभे खांब, वरची चौकट, तिरके आधार, सगळं टाक्यांवर उभं करा. प्रत्येक टप्प्याला दोन्ही कर्ण मोजा. तीन मीटर लांबीत फरक दोन मिलिमीटरच्या आत हवा. मग इंजिन, हाउसिंग, सीट पुन्हा त्यात बसवून बघा. काहीतरी अडणारच. टाका ग्राइंडरने मिनिटात उडतो, पूर्ण वेल्ड नाही.

पक्कं वेल्डिंग करताना एका कोपऱ्यात बसून सगळे सांधे संपवू नका, उष्णता लोखंड ओढते. एक सांधा पुढे डावीकडे, दुसरा मागे उजवीकडे. १.६ मिमीला ०.८ च्या तारेचं मिग (आपोआप तार सोडणारं वेल्डिंग) उत्तम. फक्त आर्क असेल तर बारीक रॉड, कमी अँपिअर, आणि आधी कचऱ्याच्या तुकड्यांवर सराव: दोन तुकडे जोडून शिकंजात धरा, हातोडीने मोडा. पाईप वाकला आणि वेल्ड टिकला तर हात बसला. वेल्डवर विश्वास नसेल तर टाके स्वतः मारा आणि पक्कं काम कुपवाड एमआयडीसीतल्या अनुभवी वेल्डरकडून करून घ्या. यात कमीपणा नाही. सस्पेन्शन आणि सीटबेल्टचे सांधे तर मी कुशल माणसाकडूनच करून घ्यायला सांगेन.

सस्पेन्शनच्या ब्रॅकेटला तीन मिमीची पट्टी, बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक (थरथरीने न सुटणाऱ्या) नटसह. बोल्टच्या डोक्यावर आकडा नसेल तर तो बोल्ट पत्र्यासाठी. सीटबेल्टला डोनरचेच मूळ बोल्ट आणि सांगाड्यात तीन मिमीची डागलेली प्लेट. उघड्या गाडीला मागे कमान हवीच. एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या) नियमात मुख्य कमानीला ४५ × २.५ मिमीचा बिनजोड, थंड ओढलेला पोलादी पाईप सांगितला आहे. पाण्याच्या पाईपची कमान दिसायला तशीच, पण उलटल्यावर चेपते.

ब्रेक

मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा, डोनरचाच. पुढे डिस्क असलेली ओम्नी मिळाली तर उत्तम. सील, होज, लायनर सगळे नवे. इथे जुनं वापरून वाचवलेले पैसे कुठेच मोजता येत नाहीत. लाइन पोलादी ब्रेक पाईपचीच, डबल फ्लेअर करून, म्हणजे टोक दुमडून पसरवून. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून अनेकजण घालतात. ती थरथरीने कडक होते आणि फ्लेअरजवळ चिरते. गाडी हलकी झाल्यामुळे मागचे ब्रेक आधी जाम होऊन शेपूट फिरू शकते, म्हणून पहिली चाचणी ओल्या गवतावर नको, मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत आणि चालण्याच्या वेगाला.

चाकांवर उभी राहिल्यावर

सांगाडा, सस्पेन्शन, स्टेअरिंग आणि ब्रेक जागेवर आले की इंजिन सुरू न करता गाडी हाताने ढकला. दोघं ढकला, तिसरा आत. स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. टायर सांगाड्याला घासतो का बघा. ब्रेक दाबा, चारही चाकं थांबतात का बघा. एका चाकाखाली वीट ठेवा आणि बाकीची तीन जमिनीवर टेकतात का पाहा. सीटवर माणूस आणि टाकीच्या जागी पाण्याचा कॅन ठेवून जमिनीपासूनचं अंतर पुन्हा मोजा.

मग सगळं परत सुटं करा. हो, पूर्ण. राहिलेले वेल्ड पूर्ण करा, घासा, रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर द्या, रंग द्या आणि कायमची जोडणी करा. पत्रा, बॉनेट, दिवे यांची चर्चा मित्रमंडळी पहिल्या दिवसापासून करतील. त्यांना चहा पाजा, पण पत्र्याची शीट या जोडणीनंतरच आणा. आधी आणलेली शीट भिंतीला टेकून पावसाळाभर गंजते आणि तिच्यावरची मापंही एव्हाना बदललेली असतात.